आजोबांची रायफल क्लासिक ढंगात बांधून घेताय? मग या चुका टाळा

ग्वाल्हेरात मराठी घरातून जुनी रायफल निघणं यात नवल काहीच नाही. कुणाचे पणजोबा दरबारच्या नोकरीत, कुणाचे सरदारांच्या पदरी, आणि शिवपुरीचं जंगल तर शिंद्यांचं शिकारीचं रानच होतं, ते आता माधव राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०२५ पासून टायगर रिझर्व्हसुद्धा. तर त्या काळची एखादी माउझर (जुनी जर्मन बनावटीची रायफल) कपाटातून निघते, कुंद्याला म्हणजे लाकडी अंगाला तडा, नळी काळपट, पट्टा कुजलेला, आणि नातवाला वाटतं की हिला मस्त जुन्या लंडनवाल्या रायफलीसारखी करून घेऊ. हौस झकास आहे. पण आमच्या ओळखीत ज्या रायफली अशा "बनून" आल्यात त्यातल्या बऱ्याच बघून वाटतं की होती तशीच बरी होती की हो, उगाच पैसा ओतला.

एक गोष्ट सुरुवातीलाच. आपल्याकडे शिकार बंद आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीच्या परवान्याची वाटही संपली. पिकं खाणाऱ्या रोजड्या (नीलगायी) आणि रानडुकरांसाठी वेगळी सरकारी परवानगी असते, तो विषय पूर्ण वेगळा. म्हणजे रायफलचा ढंग शिकारी असला तरी ती जाणार रेंजवर आणि परत कपाटात, आणि हे डोक्यात पक्कं असलं की निम्मे फालतू खर्च आपोआप गळतात.

कागद नंतर बघू म्हणणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रायफल आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि हे निघाले अक्रोडाचं लाकूड शोधायला! आधी वारसाचं लायसन्स करा. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे लायसन्सधारक गेल्यावर वारसाला अर्ज करता येतो, आणि ते हयात असतील तर त्यांचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडे असलं तरी वारसाच्या नावे करता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दुसरं म्हणजे २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाकडे दोनच शस्त्रं, पूर्वी तीन चालायची. वारशाने आलेलं असलं तरी मोजणीत येतंच. तुमच्या नावावर आधीच एक बारा बोरची बंदूक आणि एक पिस्तूल असेल तर तिसरी रायफल तुमच्या नावावर येणार नाही, मग बायको किंवा मुलगा बघा, आणि ते ठरल्यावरच कुंद्याचं माप कुणाचं घ्यायचं ते ठरतं. हसू नका, नवऱ्याच्या मापाची रायफल बायकोच्या लायसन्सवर चढलेली आहे आमच्या ओळखीत. वहिनींनी एकदाच खांद्याला लावली आणि म्हणाल्या, हिचं तोंड तर माझ्यापासून कोसभर लांब आहे.

लायसन्सवर यूआयएन (एकमेव ओळख क्रमांक) आहे का बघा, रायफलचा नंबर आणि बोर (नळीचं, म्हणजे काडतुसाचं माप) बरोबर उतरवलाय का बघा. जुन्या हस्तलिखित वह्यांमधून उतरवताना एखादा आकडा इकडचा तिकडे झालेला असतो. रायफल उस्तादाकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या गनस्मिथकडे, सोडण्याआधी हे दुरुस्त करून घ्या.

फर्निचरवाल्या मिस्त्रीकडे रायफल ठेवणं

"आमच्याकडे एक फार बढिया कारीगर आहे हो, देवघर काय सुंदर बनवलंय त्याने." असेल. पण शस्त्राची दुरुस्ती, बनावट, बदल या सगळ्याला आर्म्स अॅक्टखाली वेगळं लायसन्स लागतं, आणि ज्याच्याकडे ते नाही त्याच्या दुकानात रायफल सोडून येणं म्हणजे तुम्हीही अडकता आणि तोही. कायद्याने रायफलीचे सुटे भागसुद्धा शस्त्रातच येतात. लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच द्या आणि पावती घ्या, त्यावर रायफलचा नंबर, तारीख, काय काम करायचं ते सगळं लिहून. आपल्या भागात या पावतीला जास्तच किंमत आहे कारण ग्वाल्हेर-चंबळमध्ये लायसन्सं उदंड, आणि निवडणूक आली की शस्त्रं जमा करायचा हुकूम निघतोच. त्या वेळी तुमची रायफल उस्तादाच्या टेबलावर तीन तुकड्यांत पडलेली असेल तर ठाण्यात दाखवायला हातात काहीतरी हवं ना. शहराबाहेर पाठवणार असाल तर लायसन्स किती हद्दीपुरतं आहे तेही बघून घ्या.

आणि कुणी म्हणालं की सरळ लंडनहूनच नवी बनवून मागवतो, तर विसरा. सामान्य माणसाला रायफल आयात करता येत नाही, सवलत नामांकित नेमबाजांना असते. म्हणून इथे जुनीच नव्याने बांधायची, आणि ते काही कमी प्रतीचं काम नाही. लंडनच्या रिग्बी कंपनीच्या त्या प्रसिद्ध रायफलीसुद्धा जर्मन माउझर अॅक्शनवरच (काडतूस भरायच्या-उडवायच्या यंत्रणेवर) बांधलेल्या होत्या, आणि त्यांचा २७५ बोर म्हणजे माउझरचा ७ बाय ५७ च.

बोर बदलायची खाज

जुन्या रायफलीचा बोर काय आहे आणि त्याची काडतुसं मिळतात का, हा प्रश्न लाकडाच्या आधीचा. ३१५ असेल तर निवांत, सरकारी कारखान्याची काडतुसं मिळतात. ३०-०६ किंवा ३७५ असेल तर डीलरकडे विचारा, मिळतात पण भाव ऐकून बसावं लागतं. ३१८ सारखा जुना इंग्रजी बोर असेल तर ती रायफल जवळजवळ शोभेची समजा, आणि तरीही बोर बदलायच्या भानगडीत पडू नका. ते कायद्याने वेगळंच प्रकरण आहे, लायसन्सवर बोर लिहिलेला असतो, आणि शंभर वर्षांच्या अॅक्शनला कुठलं प्रेशर झेपेल ते अंदाजाने ठरवत नाहीत. ३०३ आणि ७.६२ हे तर फौजेचे बोर, प्रोहिबिटेड म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेले, तिकडे बघूसुद्धा नका.

लाकडाला हात लावायच्या आधी गनस्मिथकडून नळी आतून आणि हेडस्पेस (काडतूस बसल्यावर मागे उरणारी जागा) गेजने तपासून घ्या. बोल्टवरचा (काडतूस नळीत लोटून बंद करणाऱ्या सरकत्या भागावरचा) नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का बघा. पूर्वी साफसफाईत दोन रायफलींचे बोल्ट अदलाबदल झालेले सापडतात आणि ती रायफल दिसायला एकदम ठणठणीत असते. तपासणीत नापास झाली तर तिथेच थांबा, भिंतीवरच्या रायफलीला भारी कुंदा कशाला.

बफिंग

यावर मी जरा तापतो. क्लासिक म्हणजे चकचकीत, हा समज कुणी पसरवला देव जाणे. जुन्या चांगल्या रायफलीची नळी मंद काळी-निळी असते, आरशासारखी नाही. ते रस्ट ब्लूइंग, म्हणजे पोलादावर मुद्दाम बारीक गंज चढवायचा, मग उकळत्या पाण्यात टाकायचा की तो काळा होतो, मग तारेच्या लोकरीने हलकेच घासायचा, आणि हे परत परत. वेळखाऊ आहे म्हणून दुकानदार गरम क्षाराच्या टाकीतलं ब्लूइंग सुचवतो, स्वस्त आणि झटपट. साध्या रायफलीला ते चालेल, पण जुन्या रायफलीच्या साईट आणि पट्ट्याची कडी बऱ्याचदा सॉफ्ट सोल्डरने बसवलेली असते आणि त्या टाकीत सोल्डर टिकत नाही.

पण खरी बरबादी त्याच्या आधी होते, बफच्या चाकावर. धारदार कडा गोल होतात, स्क्रूची भोकं पसरट होतात, आणि नंबर पुसट होतो. जीवाजीगंजातल्या एका घरची माउझर अशीच घासून आली, नळी नव्या स्टीलच्या पेल्यासारखी चमचम करत होती, आणि नूतनीकरणाला नेली तेव्हा बाबू टॉर्च मारून, चष्मा वर करून, खाली करून नंबर शोधत बसला. शस्त्रावरचा नंबर पुसणं हा आर्म्स अॅक्टमध्ये गुन्हा आहे, आणि "पॉलिशमध्ये गेला साहेब" हे ऐकून घ्यायला समोरचा बांधील नाही. गनस्मिथला लेखी सांगा, नंबर, प्रूफचे (चाचणी झाल्याचे) छाप, कंपनीचं नाव याला हात लावायचा नाही, बाकी हातानेच घासायचं.

नक्षी बघून लाकूड घेणं

अक्रोडाचा ठोकळा बघायला गेलं की दुकानदार पाणी मारून दाखवतो आणि त्या लाटा, ते धूर धूर डिझाइन बघून माणूस पाघळतो. ती नक्षी मागे बटाकडे, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या टोकाकडे, कितीही असू दे. मनगटाच्या जागी, जिथे कुंदा सगळ्यात बारीक असतो, तिथे रेषा सरळ आणि कुंद्याच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या हव्यात, नाहीतर धक्क्याने तिथेच फाटणार. नक्षी जितकी वेडीवाकडी तितकं लाकूड तिथे कच्चं. शिसवीचा मोह होतो, इथे सहज मिळतं, पण वजन फार होतं. आणि लाकूड किती वाळलंय ते विचारा, नुसतं "पुराना माल है" यावर जाऊ नका, मीटर लावून ओल बघा, ८ ते १० टक्क्यांच्या आसपास असेल तर घ्या. ग्वाल्हेरचा उन्हाळा ४५ च्या वर आणि श्रावणात भिंती पाझरतात, कच्चं लाकूड या दोन टोकांमध्ये पिळवटतं.

मापाला लोक पाच मिनिटं देतात, निदान अर्धा दिवस तरी द्या. ट्रिगरपासून बटाच्या टोकापर्यंतची लांबी साधारण साडेतेरा इंच धरतात, पण हात लांब-आखूड असतात, आणि जानेवारीत जाड कोट घालून माप दिलं तर मे महिन्यात शर्टावर तीच रायफल आखूड वाटेल. जे कपडे घालून रेंजवर जाता तेच घालून जा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, डोळे उघडा, साईट आपोआप समोर आली तर माप बरोबर, मान वाकवून शोधावी लागली तर कुंदा चुकला. आणि स्कोप लावणार की उघड्या साईट, हे आत्ताच ठरवा कारण गालाच्या जागेची उंची त्यावर ठरते. उघड्या साईटसाठी बनवलेल्या, खाली उतरत्या कुंद्यावर स्कोप बसवला की गाल हवेत लटकतो. शिवाय जुन्या माउझरचा बोल्टचा दांडा आणि वरून फिरणारी सेफ्टी दोन्ही स्कोपला आपटतात, म्हणजे तेही बदला, मग भोकं पाडा, आणि मूळ रायफल गेलीच म्हणायची. माझं मत विचाराल तर या ढंगाला उघड्या साईटच शोभतात.

बाकी सजावटीत हात आखडता घ्या. सरळ वरची रेघ, पुढच्या टोकाला आबनूस, मुठीखाली छोटी पोलादी टोपी, बारीक चेकरिंग (पकडीसाठी कोरलेल्या आडव्यातिडव्या रेघा), पट्ट्याची पुढची कडी लाकडात न घालता नळीवर, म्हणजे धक्क्याला हाताला लागत नाही. बस. वाघाचं तोंड, कुलस्वामिनी, घराण्याचं नाव सोन्यात, हे सगळं लग्नाच्या फोटोत छान दिसतं.

घरी आणल्यावर कुरकुर सुरू झाली तर

(बघण्याआधी रायफल रिकामी आहे याची खात्री, दरवेळी, कितीही ओळखीची असली तरी.)

पावसाळ्यात नेम सरकला: लाकूड फुगून नळीला एका बाजूने दाबतंय. नळी आणि लाकडाच्या मध्ये नोट सरकवून बघा, अडकली तिथे दाब आहे. काही रायफलींत टोकाशी मुद्दाम दाब ठेवलेला असतो, म्हणून स्वतः पॉलिशपेपर घेऊन बसू नका, बांधणाऱ्याला विचारा.

अॅक्शनच्या शेपटीमागे केसाएवढी चीर: तिथे धातू लाकडाला टेकून पाचरीसारखा घुसतोय. पुढचा रिकॉइल लग (अॅक्शनखालचा धक्का झेलणारा उंचवटा) नीट टेकत नसला की सगळा धक्का मागे येतो. वापर ताबडतोब थांबवा, लग बेड करून म्हणजे लाकडात नीट टेकेल असा बसवून घ्या आणि शेपटीमागे बारीकशी फट ठेवायला सांगा. नुसता फेव्हिकॉल भरून चीर पुन्हा उघडते.

कुंदा चिकट: जवसाच्या तेलाचा थर जाड लागलाय, किंवा कच्चं तेल लावलंय जे वाळायचं नावच घेत नाही. तारपीन लावून पुसून काढा आणि उकळलेलं तेल थेंब थेंब घेऊन तळहाताने चोळा, एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. पावसाळ्यात हे काम काढूच नका. तांबूस रंग हवा असेल तर जुने विलायती कारीगर तेलात अल्कानेटचं मूळ भिजवायचे, आपल्याकडे पंसाऱ्याकडे रतनजोत म्हणून मिळतं ते त्याच जातकुळीतलं.

जुनाच कुंदा ठेवलाय आणि अॅक्शनच्या मागचं लाकूड काळं, मऊ पडलंय: वर्षानुवर्षं नळी वर करून उभी ठेवल्याने तेल उतरत उतरत लाकडात मुरलंय. धातू काढून घेऊन लाकडावर खडूची पूड आणि स्पिरिटचा लेप द्यायचा, वाळला की तो तेल शोषून पिवळा पडतो, झटकून परत द्यायचा. ग्वाल्हेरचं मे महिन्यातलं ऊन या कामाला फुकटचं हीटर आहे. लाकूड बोटाच्या नखाने दबत असेल तर मात्र ते गेलं. आणि यापुढे तेल कमी लावा, रायफल नळी खाली करून ठेवा.

नळीत दोन दिवसांत गंज: जुन्या साठ्यातल्या काडतुसांच्या प्रायमरमधले क्षार तेलाने निघत नाहीत, पाण्यानेच निघतात. रेंजवरून आल्यावर त्याच संध्याकाळी नळीतून कढत पाणी, मग कोरड्या चिंध्या, मग तेलाचा हलका हात.