पदवी स्तरावरील संशोधन आणि सर्जनशील काम परिषदेत कसे मांडावे

विद्यापीठाच्या परिषदेत आपले काम मांडण्याची संधी मिळाली की पदवीचे बहुतेक विद्यार्थी लगेच स्लाइड करायला बसतात आणि प्रकल्पाच्या अहवालातील प्रकरणे एकामागून एक त्यांत उतरवू लागतात. अशा रीतीने तयार झालेले सादरीकरण अहवालाचीच आखूड प्रत ठरते आणि ऐकणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. विषयतज्ज्ञांच्या परिषदेत श्रोत्यांना पार्श्वभूमी आधीच ठाऊक असते, पण पदवी विद्यार्थ्यांच्या परिषदा बहुधा सर्व विद्याशाखांसाठी खुल्या असतात. अमेरिकेत १९८७ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या अॅशव्हिल येथील आवारात पदवी विद्यार्थ्यांच्या संशोधनाची राष्ट्रीय परिषद सुरू झाली. तिच्यात आज प्रयोगशाळेतील कामाच्या बरोबरीने चित्रे, नाट्य, संगीत आणि नृत्यही सादर होते. अशा ठिकाणी जीवाणूंवर काम केलेल्या विद्यार्थिनीसमोर बोलीभाषेचा अभ्यासक, अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि एखादा शिल्पकार बसलेला असू शकतो. आपला विषय न शिकलेल्या पण लक्ष देऊन ऐकणाऱ्या या माणसांना आपला एक प्रश्न आणि त्याचे उत्तर कळले पाहिजे, हे धोरण गोषवाऱ्यापासून प्रश्नोत्तरांपर्यंत धरून ठेवावे.

गोषवारा

गोषवारा परिषदेच्या काही आठवडे किंवा महिने आधी द्यावा लागतो आणि त्याची मर्यादा साधारणपणे १५० ते ३०० शब्दांची असते. त्या वेळी काम बहुतेकदा अर्धवटच असते, आणि खरी अडचण इथेच येते. निष्कर्ष हाती नसताना ते आल्यासारखे लिहू नयेत. आतापर्यंत काय दिसले आणि काय तपासणे चालू आहे, हे सरळ सांगावे. कोणता प्रश्न घेतला, तो का महत्त्वाचा आहे, तो कसा तपासला, काय आढळले आणि त्यावरून काय म्हणता येते, या क्रमाने मजकूर लिहिला की तो सहसा नीट बसतो. पार्श्वभूमीला दोन वाक्यांपेक्षा जास्त जागा देऊ नये.

‘प्रस्तुत शोधनिबंधात विद्यार्थ्यांच्या ग्रंथालयवापराचा अभ्यास करण्यात आला असून महत्त्वाचे निष्कर्ष मांडण्यात आले आहेत’ या वाक्यातून निवड समितीला काहीच समजत नाही. तेच काम ‘परीक्षेच्या काळात ग्रंथालयात येणाऱ्यांची संख्या वाढते, पण घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची वाढत नाही, विद्यार्थी पुस्तकांपेक्षा बसण्याच्या जागेसाठी तिथे येतात का, हे आम्ही नोंदवह्या आणि मुलाखती यांच्या आधारे तपासले’ असे मांडले, तर प्रश्न, पद्धत आणि निष्कर्षाची दिशा ही तिन्ही एकाच वाक्यात येतात.

गोषवारा पाठवण्यापूर्वी मार्गदर्शकांची आणि सहलेखकांची संमती घ्यावी, आणि नावांचा क्रमही तेव्हाच ठरवावा. माणसांच्या मुलाखती, सर्वेक्षणे किंवा वैद्यकीय माहिती वापरायची असेल तर नीतिसमितीची, म्हणजे संशोधनातील नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, मान्यता माहिती गोळा करण्यापूर्वी मिळवावी लागते. परिषद जवळ आल्यावर ती मागून उपयोग होत नाही. कामातून एखादे उपकरण किंवा प्रक्रिया निघाली असेल आणि तिचे पेटंट घेण्याचा विचार असेल, तर अधिक सावध राहावे. परिषदेतील मांडणी आणि छापलेला गोषवारा ही दोन्ही जाहीर प्रकटने ठरू शकतात. युरोपात अर्ज करण्याआधी झालेल्या अशा प्रकटनामुळे शोधाचे नावीन्य, जे पेटंटसाठी आवश्यक असते, सहसा नष्ट झाले असे मानले जाते, तर अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रकटनानंतर एका वर्षाची सवलत मिळते.

भित्तिपत्रक

भित्तिपत्रकाचा आकार आयोजकांच्या सूचनेप्रमाणेच ठेवावा, कारण फलक आडवे आहेत की उभे, हे त्यांनाच ठाऊक असते. ए-० हा प्रचलित आकार ८४१ × ११८९ मिलिमीटरचा आहे. सॉफ्टवेअरमध्ये पान पहिल्यापासून त्याच मापाचे ठेवावे. लहान पानावर मांडणी करून छपाईच्या वेळी ती फुगवली की छायाचित्रे फुटतात. वाचणारा साधारण एक ते दीड मीटरवर उभा असतो, त्यामुळे मुख्य मजकूर २४ पॉइंटपेक्षा लहान नसावा आणि शीर्षक खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता यावे. एकंदर शब्द पाचशेच्या आसपास राहिले तर चांगले. आठशेच्या पुढे गेल्यास लोक वाचण्याऐवजी मान डोलावून पुढे सरकतात.

२०१९ साली माइक मॉरिसन या मानसशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्याने एक वेगळी मांडणी सुचवली, आणि ती पुढे बरीच पसरली. तिच्यात मुख्य निष्कर्ष साध्या भाषेत, मोठ्या अक्षरांत मधोमध येतो आणि तपशील दोन्ही बाजूंच्या अरुंद स्तंभांत जातो. ज्या कामातून एक ठळक निष्कर्ष निघतो त्याला ही रचना शोभते. इतिहासाचे किंवा साहित्याचे काम मात्र पुराव्यांच्या गुंफणीवर उभे असते, त्याला एका वाक्यात कोंबल्यास ते उथळ वाटते. तिथे मूळ दस्तऐवजाचे छायाचित्र किंवा एखादा उतारा मध्यभागी ठेवून त्याभोवती विवेचन मांडणे मला अधिक योग्य वाटते.

आलेखांत लाल आणि हिरव्या रंगांतील फरकावर अर्थ अवलंबून ठेवू नये. हे रंग वेगळे न दिसण्याचे सर्वांत प्रचलित प्रकार एक्स गुणसूत्रावरील जनुकांशी निगडित असल्यामुळे पुरुषांमध्ये त्यांचे प्रमाण बरेच जास्त असते, आणि भरलेल्या सभागृहात असे कोणी ना कोणी असण्याची शक्यता मोठी असते. रेषांचे प्रकार वेगळे ठेवावेत किंवा नाव थेट रेषेजवळ लिहावे. भित्तिपत्रकाशेजारी उभे राहून सांगण्यासाठी एका मिनिटाची मांडणी तोंडपाठ असावी आणि ऐकणाऱ्याने रस दाखवला तरच पुढचे सांगावे.

तोंडी सादरीकरण

तोंडी सादरीकरणाला बहुधा १० ते १५ मिनिटे मिळतात आणि प्रश्नांची वेळ त्यातच धरलेली असते. पंधरा मिनिटांच्या सत्रात बारा मिनिटांचे बोलणे तयार करावे. पहिल्या मिनिटात प्रश्न सांगून टाकावा. विषयाच्या व्याख्या, त्याचा इतिहास आणि आधीच्या अभ्यासकांची नावे यांत चार मिनिटे घालवली की उरलेला वेळ घाईत जातो, आणि सत्राध्यक्षांनी चिठ्ठी पुढे केली की नेमके निष्कर्षच गाळावे लागतात. पद्धतीतल्या ज्या निर्णयांवर निष्कर्ष अवलंबून आहेत तेवढेच सांगावेत. बाकीचे शेवटच्या स्लाइडनंतर राखीव ठेवावेत, म्हणजे कोणी विचारल्यास दाखवता येतात.

किती कमी वेळात किती सांगता येते, याची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेल्या स्पर्धेत एका स्थिर स्लाइडवर तीन मिनिटांत सगळे संशोधन मांडावे लागते. टोकियोमध्ये २००३ साली सुरू झालेल्या पेचाकुचा या प्रकारात वीस चित्रे प्रत्येकी वीस सेकंद दिसतात आणि ६ मिनिटे ४० सेकंदांत बोलणे संपते. आपले भाषण सरावासाठी एकदा तीन मिनिटांत बसवून पाहावे. त्यातून जे गळले आणि ज्याची उणीव भासली नाही, ते मूळ भाषणातही बहुधा अनावश्यकच असते.

प्रत्येक स्लाइडचे शीर्षक पूर्ण विधान असावे. ‘निष्कर्ष’ या शीर्षकापेक्षा ‘परीक्षेच्या काळात जागा भरतात, पुस्तके मात्र फळ्यांवरच राहतात’ हे शीर्षक ऐकणाऱ्याला अधिक देते. लिहून आणलेला कागद वाचण्याची प्रथा मानव्यविद्यांत अजून आहे आणि ती वाईट नाही. मात्र वाचायचा मजकूर कानासाठी वेगळा लिहावा, वाक्ये आखूड ठेवावीत आणि उतारा उद्धृत करताना तो स्लाइडवरही दाखवावा. सराव मोठ्याने, उभे राहून, घड्याळ लावून आणि निदान एकदा दुसऱ्या शाखेतल्या मित्रासमोर करावा. तो जिथे थांबवून अर्थ विचारील तिथे शब्द बदलावा.

सर्जनशील काम

कविता, लघुपट, नृत्यरचना, चित्रमालिका किंवा संगीतरचना परिषदेत आणताना विद्यार्थी दोन टोकांना जाताना दिसतात. काही जण कलाकृती दाखवतात आणि ‘ती स्वतःच बोलते’ असे म्हणून खाली बसतात, तर काही जण सिद्धान्तातील जड शब्दांची भिंत उभी करतात आणि तिच्यामागे कलाकृती दिसतच नाही. परिषद ही मैफल किंवा प्रदर्शन असती तर पहिला मार्ग चालला असता. इथे श्रोत्यांना निर्मितीमागचा शोध कळायला हवा: कोणत्या प्रश्नाने सुरुवात झाली, कोणते पर्याय समोर होते, कोणता मार्ग सोडला आणि का, आणि करताना असे काय उमगले जे केवळ वाचून उमगले नसते.

त्यासाठी काम चालू असतानाच टिपणे, कच्चे आराखडे, तालमींचे चित्रण आणि रद्द केलेले खर्डे तारखेसह जपून ठेवावेत, कारण नंतर आठवून लिहिलेली प्रक्रिया नेहमीच वास्तवापेक्षा सरळ दिसते. सादरीकरणात पूर्ण कलाकृती दाखवण्याचा मोह आवरावा. बारा मिनिटांच्या वेळेत लघुपटाचा दोन-तीन मिनिटांचा तुकडा पुरतो, आणि तोच प्रसंग आधीच्या खर्ड्यात कसा होता हे शेजारी दाखवता आले तर विवेचन फार न करताही निर्णय कळतो. कवितेची आधीची आणि नंतरची ओळ, नृत्यातील बदललेली दिशा, चित्रातून पुसलेली आकृती अशा एका बदलावर नेमके बोलता आले, तर शास्त्रशाखेचा परीक्षकही त्या कामाची शिस्त ओळखतो.

दुसऱ्याचे संगीत, छायाचित्रे किंवा मजकूर वापरला असेल तर परवानगी आणि श्रेय यांची व्यवस्था आधी करावी. वर्गात दाखवण्याला मुभा असली म्हणून परिषदेचे थेट प्रक्षेपण किंवा चित्रफितीचे जतन यांनाही ती लागू होईलच असे नाही. छायाचित्रणात किंवा मुलाखतीत दिसणाऱ्या व्यक्तींची लेखी संमती याच कारणासाठी स्वतंत्रपणे घ्यावी. रंगमंचाची मोजमापे, अंधार करता येतो का, ध्वनियंत्रणा कशी आहे आणि मांडणी उतरवायला किती वेळ मिळतो, हे आयोजकांना लेखी विचारावे. चित्रफीत इंटरनेटवरून चालवण्याच्या भरवशावर राहू नये. फाइल पेनड्राइव्हवर आणि मेलमध्ये अशी दोन्हीकडे ठेवावी आणि स्लाइडची पीडीएफ प्रतही सोबत असावी.

प्रश्नोत्तरे आणि नंतर

प्रश्न पूर्ण ऐकून घ्यावा, मोठ्या सभागृहात तो सर्वांसाठी एकदा पुन्हा सांगावा आणि मग थोडक्यात उत्तर द्यावे. नमुना लहान का घेतला, तुलनेसाठी दुसरा गट का नाही, हीच कृती आधी कोणी केली आहे का, असे तीन-चार प्रश्न जवळजवळ हमखास येतात आणि त्यांची उत्तरे आधीच लिहून पाहता येतात. ठाऊक नसेल तर ‘हे मी तपासलेले नाही’ एवढे म्हणणे पुरेसे आहे; अंदाज सांगायचाच असेल तर तो अंदाज आहे हे स्पष्ट करावे. कधीकधी प्रश्नाच्या नावाखाली एखादे छोटे व्याख्यानच होते. त्याला वादाने उत्तर देऊ नये. आभार मानून त्यातल्या एका मुद्द्याला उत्तर द्यावे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावे. सत्र संपताच आलेले प्रश्न लिहून काढावेत, कारण शोधनिबंधाचा पुढचा खर्डा करताना त्यांचाच सर्वाधिक उपयोग होतो.

भित्तिपत्रक किंवा स्लाइड विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात ठेवण्यापूर्वी मार्गदर्शकांना विचारावे, कारण काही नियतकालिके आधी जाहीर झालेला मजकूर स्वीकारताना अटी घालतात. स्वपरिचयात या कामाची नोंद करताना लेखकांची नावे मूळ क्रमाने द्यावीत, शीर्षक, परिषदेचे नाव, ठिकाण आणि दिनांक लिहावा, आणि ते तोंडी होते की भित्तिपत्रक, हेही नमूद करावे. गोषवारा परिषदेच्या पुस्तिकेत छापला गेला असला तरी त्या नोंदीला प्रकाशित शोधनिबंधांच्या यादीत न घालता सादरीकरणांच्या वेगळ्या मथळ्याखाली ठेवावे.