हील टर्न जमवायचा कसा

प्रो रेसलिंगमध्ये निकाल आधी ठरतो, प्रेक्षकांचा कौल मात्र ठरवता येत नाही. म्हणून लाडक्या बेबीफेसला (नायकाला) हील, म्हणजे खलनायक, करण्याआधी काही आठवडे गर्दी नीट ऐका, तीही कॅमेरे नसलेल्या शोमध्ये. एंट्रीला जल्लोष आणि मार खाताना शांतता असेल, तर लोकांना त्याचं गाणं आवडतंय, तो नाही.

मग कारण शोधा. हीलला स्वतःचं बरोबरच वाटलं पाहिजे. नोव्हेंबर 1996 मध्ये आलेल्या हसऱ्या रॉकी मायव्हियाविरुद्ध काही महिन्यांतच ‘डाय रॉकी डाय’ सुरू झालं. ऑगस्ट 1997 मध्ये ‘नेशन ऑफ डॉमिनेशन’ या हील गटात गेल्यावर त्यानं तोच राग प्रेक्षकांवर काढला, आणि त्यातून द रॉक उभा राहिला.

प्रोमो, म्हणजे माइकवरचं भाषण, दीड मिनिटाचा पुरे. आधी प्रतिस्पर्ध्याचं नाव, मग तक्रार, शेवटी सामना कधी ते. गर्दी ओरडली की थांबायचं आणि आवाज ओसरू लागला की पुढचं वाक्य टाकायचं. नवशिके नेमके इथे घाबरून बोलत सुटतात आणि स्वतःचाच जल्लोष मारतात. समोरचा काय बोलला ते आधी विचारून घ्या: 23 जून 1996 ला मिलवॉकीत स्टीव्ह ऑस्टिनचं ‘ऑस्टिन 3:16’ हे जेक रॉबर्ट्सच्या बायबलवाल्या प्रोमोला दिलेलं उत्तर होतं.

सगळ्यात अवघड डबल टर्न: एकाच सामन्यात बेबीफेस हील होतो आणि हील बेबीफेस. रेसलमेनिया 13 या मोठ्या शोमध्ये रक्तबंबाळ ऑस्टिन ब्रेट हार्टच्या शार्पशूटर या पायांच्या पकडीत बेशुद्ध पडला, पण त्यानं हार मानली नाही. घंटेनंतरही हार्ट त्याला मारत राहिला. हार्टची कुरकुर आणि ऑस्टिनच्या टाळ्या आधीपासूनच वाढत होत्या, सामन्यानं फक्त शिक्का मारला.

हाच ऑस्टिन 1 एप्रिल 2001 ला ह्यूस्टनमध्ये हील झाला आणि बेत फसला. टेक्सासचा पोरगा टेक्सासमध्ये! हुर्यो प्रतिस्पर्धी रॉकलाच मिळाली. खुर्चीनं रॉकला झोडून, कंपनीचा मालक आणि जुना शत्रू व्हिन्स मॅकमहनशी हात मिळवून बिअर प्यायला, तरी लोक खूशच. टर्न प्रतिस्पर्ध्याच्या गावात ठेवा, आणि दुसऱ्याच शोपासून टाळ्या मिळवणारा डाव, घोषवाक्य, बिअर सगळं बंद करा.