एबीएसचा दिवा लागलाय? आधी सेन्सर पुसून बघा

पावसात चोर्ला घाटातनं नाहीतर खानापूरकडच्या लाल चिखलातनं गाडी आली आणि मीटरवर एबीएसचा (म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊन घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा पेटून बसला, तर लगेच नवा सेन्सर घ्यायला पळू नका की ओ. चाकाजवळ एक दातेरी रिंग फिरत असते, तिच्यासमोर साधारण १ मिमी फटीवर सेन्सर असतो, एकेक दात समोरनं गेला की एक सिग्नल, ते मोजून कॉम्प्युटरला चाकाचा स्पीड कळतो आणि एखादं चाक एकदम मंदावलं म्हणजे लॉक व्हायला लागलंय हे ओळखून तो त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करतो. आता सेन्सरात असतंय चुंबक, त्यामुळं लोखंडाचा भुगा त्याला चिकटतो, माझ्या गाडीचा काढला तर टोकाला काळी दाढीच! फडक्यानं पुसला, दातातला चिखल जुन्या टूथब्रशनं काढला, वायर कुठं घासलीय का बघितली, थोडं चालवल्यावर दिवा गेला. काही गाड्यांत रिंगच चुंबकाची असते, दात दिसत नाहीत, तिला स्क्रूड्रायव्हर लावू नका. नुसता पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतो, सोबत ब्रेकचा लाल दिवापण लागला तर मात्र गाडी तिथंच थांबवा.