नावेच्या फळीतला स्क्रू धरत नसेल तर

तापीकाठच्या प्रकाशा-सारंगखेड्याकडचे नाववाले मला हाक मारतात ती बहुतेक एकाच तक्रारीपायी, "मिस्तरी, स्क्रू फिरस, पन धरत नही." आणि मी पोचेपर्यंत कुणीतरी त्यात एक नंबर जाड स्क्रू पिळलेला असतो. तो काही दिवस धरतो, मग तोही फिरतो, आणि भोक आणखी मोठं झालेलं असतं. काडेपेटीच्या काड्या आणि फेविकॉल दाराच्या बिजागरीला ठीक. साधा फेविकॉल सतत पाण्यात राहिला की पांढरा पडून सुटतो.

हे भोक भरायचं काम उन्हाळ्यातच काढा. नाव काठावर उलटी पडलेली असते, लाकूड वाळलेलं असतं. ओल्या लाकडाला इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून दगडासारखा घट्ट होणारा गोंद, धरत नाही. हतनूर धरणाचे दरवाजे उघडून तापी भरून वाहायला लागली की कुणाला नाव बाहेर काढायची सवड नसते.

नाव सरळ करून पायाखालची फळी उचला. बिघाड फळीत नसतो, खालच्या आडव्या लाकडात असतो. दाभण घेऊन भोकाभोवती दाबत जा. सागाला ते थोडं टोचून थांबतं. जोर न लावता आत शिरलं तर लाकूड कुजलंय. कूज लांबपर्यंत असेल तर तेवढा तुकडा बदला, तिथे गोंदाची मलमपट्टी नको. भोकाभोवती नुसतं काळं कडं असेल तर ती लोखंडी स्क्रूच्या गंजाची करणी. ते काळं जाऊन ताजं लाकूड दिसेपर्यंत ड्रिल मारा. आठ नंबरच्या स्क्रूला १० ते १२ मिलिमीटरचं भोक पुरतं. ड्रिलच्या पात्याला खोलीच्या खुणेची चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर तळ फुटून तापीमाय आत येईल.

आता भरणं. पुष्कळ मिस्तरी गोल खुंटी ठोकतात. पण खुंटीचे रेषे उभे असतात आणि स्क्रूही उभाच जातो. रेषांच्या टोकात आटे नीट पकडत नाहीत. खुंटीच घालायची तर तिचे रेषे खालच्या लाकडाच्या रेषांबरोबर आडवे ठेवा. मी मात्र बहुतेकदा इपॉक्सीच भरतो. हळू घट्ट होणारी घ्या, पाच मिनिटांत घट्ट होणारी पाण्याला तितकी टिकत नाही. आधी पातळ इपॉक्सी काडीने भोकाच्या भिंतींना चोपडा, लाकडाला पिऊ द्या. मग उरलेल्यात सागाचा बारीक भुसा कालवा, श्रीखंडाइतका घट्ट, आणि तळापासून वर भरत या, म्हणजे हवा अडकत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ला जातो, तेव्हा कालवून वाटीत तशीच ठेवलेली इपॉक्सी तापून धुरावते. सकाळी, थोडी थोडी कालवा, पसरट झाकणात.

एक दिवस हात लावू नका. मग कानसीने सपाट करून बरोबर मधोमध ३ मिलिमीटरचं भोक पाडा. वरच्या फळीतलं भोक मात्र ५ मिलिमीटरचं, सैल हवं. स्क्रूचे आटे फळीतही अडकले तर फळी खाली खेचली जात नाही, मधे फट राहते आणि पाय पडला की ती वाजते.

स्क्रू ३०४ जातीच्या स्टेनलेसचे. तापीच्या गोड्या पाण्याला तेवढे पुरतात, ३१६ समुद्रावाल्यांनी घ्यावेत. दुकानदार काहीही सांगो, चुंबकाला कडक चिकटला तर परत करा. आट्यांवर मेणबत्ती घासली तर पुढच्या वेळी फळी उचलताना स्क्रू सहज निघतो. शेवटचे आटे मशीनने पिळू नका. बरीचशी भोकं मशीननेच मेलेली असतात. हातातला पेचकस घ्या आणि डोकं फळीला टेकलं की थांबा.

इंजिनाच्या बैठकीखाली मात्र यातलं काही करत बसू नका. तिथे आरपार नटबोल्ट आणि खाली रुंद वॉशर.