पटकथालेखनाचे सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

पटकथेसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे नव्या लेखकाने विचारले की बहुतेक वेळा फायनल ड्राफ्टचे नाव पुढे येते, कारण इंग्रजी पटकथांच्या व्यवहारात ते रूढ आहे. मराठीत लिहिणाऱ्याने मात्र तेवढ्यावर पैसे भरू नयेत. अशी बहुतेक साधने रोमन लिपी आणि कुरिअर फॉन्ट गृहीत धरून घडलेली आहेत. मूळ कुरिअरमध्ये देवनागरी अक्षरेच नसल्यामुळे आपला मजकूर कसा उमटेल, हे संगणकावरचा दुसरा कोणता फॉन्ट त्या जागी घेतला जातो आणि जोडाक्षरे जुळवण्याचे काम सॉफ्टवेअरला कितपत जमते, यावर ठरते.

म्हणून आधी चाचणी आवृत्ती घ्यावी, ‘स्त्री’, ‘दुसऱ्या’, ‘किल्ल्यावर’, ‘ॲम्ब्युलन्स’ असे शब्द मुद्दाम घालून एक पान लिहावे, त्याची पीडीएफ काढावी आणि ती दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहावी. पडद्यावर नीट दिसणारा मजकूर पीडीएफमध्ये बिघडलेला अनेकदा आढळतो: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसते, जोडाक्षर फुटून पाय मोडलेले अक्षर सुटे दिसते किंवा नुसते चौकोन उमटतात. अशा वेळी सीन हेडिंग (दृश्याचे शीर्षक), पात्राचे नाव आणि संवाद या प्रत्येकासाठी नोटो किंवा मंगल यांसारखा देवनागरी फॉन्ट स्वतंत्रपणे निवडून पाहावा. तरीही पीडीएफ सुधारत नसेल, तर त्या साधनाच्या मागे वेळ न घालवता दुसरे पाहावे.

याहून नुकसानकारक चूक म्हणजे कृतीदेव किंवा तत्सम जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये पटकथा लिहिणे. या फॉन्टमध्ये दिसते मराठी, पण फाईलमध्ये साठवली जातात रोमन अक्षरे. आणि पटकथेचे सॉफ्टवेअर पात्रांची नावे आपोआप मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) बदलते. कृतीदेवमधले ‘राम’ हे नाव त्या बदलात ‘श्रज्ञम्’ होऊन बसते आणि लेखकाला कारणच उमगत नाही. जुना मजकूर हाताशी असेल, तर तो आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा, शुद्धलेखन तपासावे आणि मगच नव्या फाईलमध्ये घ्यावा.

मोफत पर्यायांत मला फाउंटन ही साध्या खुणा वापरून पटकथा लिहिण्याची पद्धत नवोदितांसाठी सर्वांत भरवशाची वाटते. २०१२ साली पुढे आलेली ही पद्धत साध्या टेक्स्ट फाईलवर चालते, त्यामुळे एखादे अ‍ॅप बंद पडले तरी लेखन अडकत नाही. येथे हमखास तक्रार येते ती अशी की पात्रांची नावे आणि दृश्यांची शीर्षके साधा मजकूर म्हणूनच छापली जातात. फाउंटन पात्राचे नाव मोठ्या लिपीवरून आणि सीन हेडिंग आरंभीच्या INT., EXT. अशा ठरावीक इंग्रजी संक्षेपांवरून ओळखते. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, मग ओळखणार कसे? उपाय त्याच पद्धतीत दिलेला आहे. पात्राच्या नावाआधी @ आणि दृश्याच्या शीर्षकाआधी टिंब द्यावे, म्हणजे ‘@सुमन’ आणि ‘.आतले दृश्य, वाड्याचे माजघर, रात्र’ असे लिहावे.

एक पान म्हणजे पडद्यावरचा एक मिनिट, या आडाख्यावर विसंबून सॉफ्टवेअरने दाखवलेली लांबी खरी मानू नये. तो आडाखा १२ पॉइंटच्या कुरिअरमधल्या, विशिष्ट समास सोडलेल्या इंग्रजी पानाचा आहे. देवनागरीत मात्रा-उकारांमुळे ओळी उंच होतात आणि फॉन्ट बदलला की पानांची संख्याही बदलते. काही दृश्ये घड्याळ लावून, संवादांमधल्या हालचालींना वेळ देत मोठ्याने वाचावीत आणि त्यावरून आपल्या पानाचे माप ठरवावे.

मोफत योजनेत किती पटकथा ठेवता येतात आणि पीडीएफवर सॉफ्टवेअरचा शिक्का (वॉटरमार्क) उमटतो का, हे पहिल्याच दिवशी पाहावे. दृश्यक्रमांक गोठवणे (पुढे बदलणार नाहीत असे पक्के करणे) किंवा चित्रीकरणाचे वेळापत्रक काढणे अशा सोयींसाठी पहिल्या खर्ड्याच्या वेळी पैसे मोजण्याचे कारण नाही. पटकथा कुणाकडे जाणार हे ठरलेले असेल, तर त्यांना कोणती फाईल चालते हे विचारून घ्यावे. काही ठिकाणी वर्डची फाईलच मागतात, आणि तसे असेल तर वर्डमध्ये पात्र, संवाद व वर्णन यांच्या शैली एकदा नीट बसवून घेतल्या की काम भागते.