तिन्ही प्लग काळे

गेल्या दसऱ्याला मी 2014 ची वॅगन आर घेतली. मीटरवर 1,38,000 किलोमीटर. सांगलीच्या विश्रामबागेतून तासगावच्या शाखेत रोजची ये-जा, जाऊन-येऊन पन्नास-पंचावन्न किलोमीटर. त्याआधी माझा गाडीच्या इंजिनाशी संबंध वायपरचं पाणी भरण्यापुरता होता. आता शाखेतले दोघे-तिघे जुनी गाडी घ्यायच्या विचारात आहेत आणि "तुम्ही घरीच काय काय केलंत?" असं विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहून काढते आहे, चुकांसकट.

आधी खरेदीबद्दल थोडं, कारण सांगलीत जुनी गाडी बघताना एक जादा गोष्ट बघावी लागते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, 2021 ला पुन्हा घराघरांत पाणी आलं. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या पुढे धुऊन-पुसून विकल्या गेल्या. म्हणून चारही सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून बघा, गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ असते. स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा. डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. सीट कव्हर कोरं करकरीत आणि सीटचे बोल्ट मात्र तांबूस गंजलेले असतील, तर नमस्कार करून निघा. माझी गाडी यात पास झाली. नापास कशात होती ते कळायला अडीच महिने गेले.

ट्यूनिंग म्हटलं की आमच्या वडिलांच्या डोळ्यांसमोर कार्ब्युरेटरचा स्क्रू येतो. कान लावायचा, पाव आटा पिळायचा, गाडी सुरात आली की सोडून द्यायची. इंजेक्शनच्या गाडीत तो स्क्रूच नाही. पेट्रोल किती सोडायचं हे इंजिनाचा कॉम्प्युटर सेन्सरांना विचारून ठरवतो. आपल्या हातात उरतं ते एवढंच: त्याला स्वच्छ हवा, नीट ठिणगी, चांगलं ऑइल आणि खरं तापमान मिळतंय ना हे बघणं. यातलं चौथं मी विसरले होते.

पहिल्या दिवशी पाना नाही, वही घ्या. टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, चालवा, पुन्हा त्याच पंपावर फुल करा. माझं पहिलं ॲव्हरेज आलं 13.2. बहुतेक मोकळा रस्ता, एसी जवळजवळ बंद, तरी तेरा. पेट्रोलमधलं इथेनॉल आता 20 टक्के आहे आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणारच. ऊस आपल्याच जिल्ह्यात पिकतो, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार! पण हे "थोडं" नव्हतं.

हत्यारांत फार पैसे घालू नका. गोटी पान्यांचा बरा सेट, त्यात लांब एक्स्टेन्शन, आतून रबर असलेली प्लगची गोटी, प्लगची फट मोजायचं फीलर गेज आणि बॅटरीवरची हेडलाइट. दुकानात मला "मॅडम, साहेबांना पाठवा, त्यांना बरोबर सांगतो" असं ऐकावं लागलं. साहेबांना स्टेपनीसुद्धा बदलता येत नाही, हे मी सांगितलं नाही.

पहिला रविवार एअर फिल्टरचा. खोक्याच्या क्लिपा काढल्या तर आत उसाच्या पाचटाचे तुकडे आणि काळी धूळ. हंगामात ट्रॅक्टरच्या मागून रोज गाडी चालवली की हे होतंच. नवा फिल्टर टाकल्यावर पिकअप लगेच सुधारला, ॲव्हरेज ढिम्म. नंतर कळलं, इंजेक्शनच्या गाडीत असंच असतं. फिल्टर तुंबला की हवा कमी मिळते, त्या हिशेबाने कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो, म्हणून मार बसतो तो ताकदीवर.

दुसरा रविवार प्लगचा, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या भागाचा. इंजिन पूर्ण गार हवं, कारण इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचा असतो आणि गरम असताना प्लग काढला तर आटे प्लगबरोबर बाहेर यायची भीती. या इंजिनाला तीन सिलिंडर, प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वीज देणारी स्वतःची कॉइल. कॉइलचं सॉकेट लॉक दाबून काढायचं, वायर धरून ओढायचं नाही. इतक्या वर्षांच्या उष्णतेने ते प्लास्टिक पापडासारखं झालेलं असतं. प्लगच्या खड्ड्यातली धूळ आधी फुंकून काढा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग बसवताना पाना लावूच नका. रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर घालून तिने फिरवा. आटा तिरका जात असेल तर नळी आपोआप घसरते, पाना घसरत नाही, तो आटे खातो. हाताने पूर्ण बसला की नव्या वायसरचा प्लग पान्याने अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आतच आवळायचा. प्लगच्या टोकाची फट, म्हणजे गॅप, मॅन्युअलमध्ये दिलेली असते, खोक्यातून आलेला प्लगही मोजून घ्या.

पण महत्त्वाचं काम पुढेच आहे. काढलेले प्लग फेकायचे नाहीत, सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडायचे. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. ओलं, तेलकट असेल तर त्या सिलिंडरमध्ये ऑइल येतंय. पांढरंफटक असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय किंवा सिलिंडर फार तापतोय. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. एकच प्लग वेगळा दिसला तर दुखणं त्या एका सिलिंडरचं. तिन्ही सारखेच बिघडलेले असतील तर दुखणं तिघांच्या आधी कुठेतरी. माझे तिन्ही काळे होते, काजळीने माखलेले. मी ते मांडले, फोटो काढला आणि "जुने झाले असतील" म्हणून नवे बसवून मोकळी झाले. हजार किलोमीटरनंतर काढून बघितले तर नवेही काळे.

मध्ये ऑइलचा प्रकार घडला. ऑइल बदलायला मी ओळखीच्या वॉशिंग सेंटरचा रॅम्प मागून घेतला होता. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, विटा-दगडांच्या टेकूवर तर नाहीच, सिमेंटचा ठोकळा न सांगता फुटतो. फिल्टर काढला, नवा बसवला, ऑइल भरलं, गाडी घरी आणली आणि पार्किंगमध्ये रेस करून बघितली. खालून ऑइलची धारच लागली. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली होती आणि मी तिच्यावरच नवा फिल्टर आवळला होता. दोन रिंगा एकावर एक टिकत नाहीत. सोसायटीच्या फरशीवर लिटरभर ऑइल, वखारीतून आणलेला भुसा आणि चेअरमनकाकांचं भाषण. जुना फिल्टर हातात आला की आधी त्याची रिंग त्याच्यासोबत आली का बघा. उतरलेलं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजवर द्या, तिथून ते गोळा करणारे नेतात. गटारात ओतलं तर ते शेवटी कृष्णेतच जाणार.

त्याच दिवशी ऑइल भरायच्या झाकणाच्या आत लोण्यासारखा पांढुरका चिकट थर दिसला होता. एका गॅरेजात दाखवला. त्यांनी बघताक्षणी "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल" म्हणून पाच आकडी खर्च सांगितला. हे गॅस्केट म्हणजे हेडखालचं पॅकिंग, ते गेलं की कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये मिसळू शकतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिक, बघितली, तिच्यावरचं ऑइल स्वच्छ. कूलंटची पातळी पंधरा दिवसांत तसूभर हलली नव्हती. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. म्हणजे ऑइलमध्ये कूलंट मिसळत नव्हतं. फेस फक्त झाकणाला असेल, तर बहुतेक वेळा ती इंजिनातलीच वाफ गार झाकणावर पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळलेली असते. प्रश्न असा की रोज पंचवीस किलोमीटर सलग पळणाऱ्या इंजिनात ती वाफ उडून का जात नव्हती?

उत्तर थंडीने दिलं. डिसेंबरात सकाळी हीटर लावला तर हवा कोमट. बुधगाव गेलं, कवलापूर गेलं, तरी कोमटच.

मग मी गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये लावायचं ब्लूटूथ यंत्र मागवलं. हे सॉकेट स्टिअरिंगच्या खाली असतं आणि यंत्र हजाराच्या आत येतं. नव्याने शिकणाऱ्याने सगळ्यांत आधी हेच घ्यावं, मी सगळ्यांत शेवटी घेतलं. मोबाइलवर कूलंटचं तापमान लावून ठेवलं. माधवनगरच्या गर्दीत ते 70 अंशांपर्यंत चढायचं आणि रस्ता मोकळा झाला की उतरत 61 वर यायचं. व्हायला हवं ते असं: 80 ते 90 च्या दरम्यान कुठेतरी पोचून तिथे टिकून राहणं. वारा लागला की इंजिन गार पडत होतं.

माझ्या ओळखीचे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे गेले, त्यांनी थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या वॉल्व्हचं, घर उघडलं आणि आत बोट घालून म्हणाले, "अहो मॅडम, ह्यात वॉल्व्हच न्हाई की!"

कधीतरी गाडी तापली असणार आणि कोणीतरी वॉल्व्हच काढून फेकला होता. आपल्याकडे हा सर्रास चालणारा उपाय आहे. वॉल्व्ह नसला की पाणी सुरुवातीपासून रेडिएटरमधून फिरतं, गाडी तापत नाही, गिऱ्हाईक खूश. पण इंजिन पुरेसं गरम होत नाही. कॉम्प्युटरला वाटतं अजून सकाळच आहे, म्हणून तो जादा पेट्रोल सोडत राहतो. जुन्या गाडीचा चोक ओढून थेट तासगावपर्यंत जाण्यासारखं. काळे प्लग, झाकणाखालचा फेस, तेराचं ॲव्हरेज आणि कोमट हीटर, ही चार दुखणी एकाच घरची होती.

मी लगेच नवा वॉल्व्ह आणायला निघाले तर मिस्त्रींनी थांबवलं. "आधी गाडी तापत का होती ते बघा. न्हाईतर पुन्हा तापंल." त्यांचं बरोबर होतं. वॉल्व्ह बसवून गाडी जागेवर चालू ठेवली तेव्हा मोबाइलवर 95, 98, 102, आणि रेडिएटरचा पंखा गप्प. 104 ला इंजिन बंद केलं. पंख्याच्या सॉकेटमधली पिन हिरवी पडून गेली होती. ऑक्टोबरच्या उन्हात सिग्नलला थांबल्यावर एसी गार करत नव्हता, ते "गॅस कमी असेल" म्हणून मीच सोडून दिलं होतं. एसीच्या जाळीलाही तोच पंखा हवा देतो. सॉकेट बदललं, पंखा फिरला. सोबत रेडिएटर धुऊन घेतला, आधीच्या मालकाने बोअरचं पाणी भरलं असावं, आतून पांढरा क्षार निघाला. कूलंट तयार मिश्रणाचं घ्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात कालवा. गरम रेडिएटरचं झाकण काढू नका. सांडलेलं कूलंट लगेच धुवा, ते गोडसर असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

इंजिनात हवा सोडणारी झडप, म्हणजे थ्रॉटल बॉडी, मी घरीच साफ केली, त्यात विशेष काही नाही. फडक्यावर क्लीनर मारून पुसायचं, सेन्सरवर फवारा मारायचा नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरी यांना मी हात लावत नाही, तुम्हीही पहिल्या वर्षी लावू नका. आणि पीयूसीचा कागद वाचायला शिका. बीएस-4 या प्रदूषण मानकाच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के आहे. तो आकडा मर्यादेच्या आसपास घुटमळत असेल तर प्लग न काढताही काजळीचा अंदाज येतो. फक्त खरोखर नळी आत घालून तपासणारं सेंटर शोधा.

नवा वॉल्व्ह टाकून दोन हजार किलोमीटर झाले. वहीतली शेवटची नोंद: ॲव्हरेज 17.4, तापमान 84 ते 88, तिन्ही प्लग भाजक्या शेंगदाण्याच्या सालाच्या रंगाचे. दोन नंबरच्या प्लगच्या खड्ड्यात किंचित ऑइल. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, म्हणजे टॅपेट कव्हरचं, पॅकिंग आणून ठेवलंय, पुढच्या सलग सुट्टीत बसवणार. चेअरमनकाकांनी आत्ताच विचारून ठेवलंय, कुठे बसवणार म्हणून.