चाचणीची मुदत आणि ढगांची उंची: साथीच्या काळात खासगी विमानानं सीमा ओलांडताना

कोविडच्या साथीत, 2020 ते 2022 या काळात, मी सेस्ना 172 हे एका इंजिनाचं चार आसनी छोटं विमान घेऊन सात वेळा सीमा ओलांडली आणि तीन वेळा ऐनवेळी बेत रद्द केला. पुन्हा कधी सीमा अशा बंद झाल्या तर कुणाच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

आधी नियम वाचा, नकाशा नंतर. जाण्याचे आणि परतीचे नियम वेगवेगळे वाचायचे. मार्च 2020 मध्ये अमेरिकेनं कॅनडाची सीमा बंद केली ती रस्ता, रेल्वे आणि फेरीपुरती. कॅनडाचा वैमानिक विमानानं जाऊ शकत होता. परतल्यावर मात्र 14 दिवसांचं विलगीकरण सक्तीचं होतं. फेब्रुवारी 2021 पासून तर कॅनडात येणाऱ्या खासगी विमानांनाही टोरांटो, मॉन्ट्रियल, कॅलगरी आणि व्हँकुव्हर या चारच ठिकाणी उतरायची मुभा होती. आपलं विमान छोटं, आपल्याला कोण विचारतंय, या समजुतीवर निघू नका.

नोटॅम, म्हणजे विमानतळ आणि हवाई मार्गांबद्दल वैमानिकांसाठी निघणाऱ्या ताज्या सूचना, आदल्या दिवशी वाचा आणि इंजिन चालू करण्याआधी पुन्हा वाचा. धावपट्टी चालू असते पण कस्टम्स बंद, असं त्या काळात सर्रास व्हायचं. वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, तिथे चूक करू नका. मग उतरायच्या विमानतळावर फोन करा: माझ्या वेळेला अधिकारी हजर असेल का, इंधन मिळेल का? उत्तर देणाऱ्याचं नाव आणि वेळ वहीत टिपून ठेवा. अमेरिकेत प्रवाशांची यादी निघण्याच्या किमान 60 मिनिटं आधी ऑनलाइन भरावी लागते. पण ती भरली म्हणजे उतरायची परवानगी मिळाली असं नाही, ती वेगळी मागावी लागते.

आता खरा पेच. सीमा ओलांडायला 72 तासांच्या आतली कोविड चाचणी लागायची, म्हणजे नमुना दिल्यापासून की अहवाल आल्यापासून? निघेपर्यंत की पोहोचेपर्यंत? प्रत्येक देशाचं उत्तर वेगळं. अमेरिकेनं जानेवारी 2021 मध्ये तासांऐवजी तीन दिवस मोजले, म्हणजे शुक्रवारी कधीही दिलेला नमुना सोमवारच्या उड्डाणाला चालायचा. दुसऱ्या एका देशात जाताना मी गुरुवारी सकाळी नऊला नमुना दिला. शुक्रवारी धुकं. शनिवारी समुद्रावर ढग 800 फुटांवर. रविवारी सात वाजता ते हजारावर आले आणि सोबतचा मित्र म्हणाला, "अजून दोन तास आहेत, निघू या." मी नजरेच्या नियमांनी, म्हणजे ढगांत न शिरता बाहेर बघून उडणारी, पाण्यावर मला किमान 2,000 फूट हवेत. नाही निघाले. दुपारी आकाश मोकळं झालं तेव्हा अहवाल बाद झाला होता.

तेव्हापासून मी आधी हवामानाचा अंदाज बघते, चांगल्या हवेचे सलग दोन दिवस दिसले की मगच नमुना देते, आणि ढगांची आपली मर्यादा नमुना देण्याआधी कागदावर लिहून ठेवते. मुदत संपत आली की मन हवामान आहे त्यापेक्षा बरं बघायला लागतं. चाचणीचे पैसे गेले तर जाऊ द्या.

ठरल्या जागी उतरता आलं नाही तर लागणारा पर्यायी विमानतळ शक्यतो निघालात त्याच देशात ठेवा. तिसऱ्या देशावरून नुसतं उडून गेलात तर सहसा अडचण नसते, पण तिथे उतरलात आणि तो देश बंदीच्या यादीत असला, तर पुढचे 10 किंवा 14 दिवस गेले. म्हणून न उतरता मागे फिरण्याइतकं इंधन घ्या. माझ्या 172 मध्ये साधारण 200 लिटर वापरता येतं आणि तासाला 35 लिटर धरून मी हिशेब करते. टाक्या भरल्या की चार माणसांचं वजन बसत नाही, दोघंच जा.

बराच काळ उडला नसाल तर आधी घरच्या धावपट्टीवर सराव करा. अनेक देशांत 90 दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग झाल्याशिवाय प्रवासी घेता येत नाही, आणि मला स्वतःला पाण्यावर जाण्याआधी तेवढी पुरेशी वाटत नाहीत.

नोंदणी, उड्डाणयोग्यता, विमा, परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र, चाचणी आणि लसीचा कागद एकाच फोल्डरमध्ये, छापील. फोनची बॅटरी नेमकी अधिकाऱ्यासमोर संपते. उतरल्यावर इंजिन बंद करा, मास्क लावा आणि कुणी येईपर्यंत विमानापाशीच थांबा. फ्लाइट प्लॅन (निघण्याआधी कळवलेला उड्डाणाचा बेत) बंद झाला का, हे तिथूनच फोन करून विचारा.